न पुसला जाणारा वर

"हा रेगे पुन्हा उगवला!" विवाहमंडळाच्या काकूंनी स्क्रीनवर बोट आपटलं. "अरे, काल मी स्वतः पुसला होता याला!"

ॲप बनवणाऱ्या भार्गवने थकून डोळे चोळले. डेटाबेस रिकामा होता तेव्हा चाचणीसाठी त्याने एक वर रचून कोडमध्येच लिहिला होता: सर्वोत्तम रेगे, स्वतःचं घर, स्वयंपाकात तरबेज. त्या दिवशी भार्गव उपाशी होता. ती ओळ काढायची राहिली. त्यामुळे दर वेळी ॲप सुरू झालं, की कोड आधी रेगेला डेटाबेसमध्ये बसवायचा आणि नंतर इतरांना आत घ्यायचा. मिरजेपासून मालवणपर्यंत मुली त्याच्यावर अडून बसल्या होत्या. एकीची तर म्हणे केळवणंही सुरू झाली होती.

"कोडमधली ओळच काढतो, म्हणजे सुटलो," भार्गव म्हणाला.

"नका काढू!" एक मुलगी धापा टाकत आत आली. स्थळ रद्द झाल्याचा काकूंचा फोन सकाळीच तिच्या घरी गेला होता.

"अगं बाळा, तो खरा नाहीये," काकू ओशाळून म्हणाल्या.

"माहितीये. फोटो टूथपेस्टच्या खोक्यावरचा आहे." ती खुर्चीत कोसळली. "पण रेगेंचं उत्तर येईपर्यंत दुसरं स्थळ बघायचं नाही, असं घरी कबूल करून घेतलंय. कित्येक वर्षांनी रविवारी दुपारी झोपायला मिळतंय हो. तो गेला, तर या रविवारी पुन्हा साडी नेसून बसायचं."

भार्गवने ओळ काढली नाही. उलट तिला शेपूट जोडलं: 'सध्या जहाजावर. दिवाळीनंतर कळवू.'

"कुठल्या दिवाळीनंतर," जांभई देत ती म्हणाली, "ते मात्र लिहू नका."