मधलं नाव

योगराज फुलचूर गावातल्या दुकानात स्क्रीन प्रिंटिंगने लग्नपत्रिका छापायचा. बायकोने भजनासाठी नवी ढोलकी घेतली, तेव्हा ढोलकीवर तिचं नाव छापून देतो म्हणाला. जाळीवर त्याने पूर्ण नाव उतरवलं: चंद्रावती योगराज पटले. जाळीची चौकट ढोलकीच्या फुगीर लाकडावर टेकवली, रबराने शाई ओढली आणि चौकट उचलली. लाकडावर फक्त 'योगराज' उमटलं होतं.

"लाकूड गोल, चौकट सपाट," तो म्हणाला. "मधातलंच टेकते. मी काय करू?"

"मंग मधात माझं नाव घ्या."

"मंग नवऱ्याचं नाव तुझ्या आधी? असं कोणी लिहिते का?"

"नवऱ्याचं कायले पाहिजे?" चंद्रावतीने विचारलं. "ढोलकी तुमी वाजवून राहिले का?"

योगराजने थिनरचं फडकं घेऊन स्वतःचं नाव पुसलं. शाई ओलीच होती, पटकन निघाली. मग नुसत्या 'चंद्रावती'ची नवी जाळी करायला घेतली.

सोमवारी नागरा गावच्या शिवमंदिरात भजनाला गर्दी होती. चंद्रावतीचा हात असा पडत होता की मागचे लोक उठून पुढे येऊन बसले. शेजारच्या अनोळखी माणसाने योगराजला कोपराने हलवून विचारलं, "ही ढोलकीवाली कोणाची बाई आहे जी?"

योगराजने ढोलकीकडे बोट दाखवलं.

"नाव लिहून आहे ना. वाचा."