अकरा सेकंद

बसमधल्या मशीनच्या आवाजाने थांब्याचं नाव घेतलं की अकरा सेकंदांनी थांबा यायचा. विलासने हे मोजलं होतं. सातला ब्रेकवर पाय, अकराला दार.

दिवाळीपासून त्याला फक्त समोरचं दिसत होतं. नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणाले होते, गाडी चालवणं बंद करा. "पुढच्या महिन्यात सांगतो डेपोत," असं तो कंडक्टर सदूला सहा महिने सांगत होता. अठ्ठावीस वर्षांत त्याने दुसरं काही केलं नव्हतं.

सदू त्याच्या मागे उभा राहून बाजूचं बघायचा. "दादा, डावीकडं जावईबापू!" म्हणजे रिक्षा. "सासूबाई आल्या!" म्हणजे डंपर. प्रवासी हसायचे.

आज गर्दी होती. सदू पार मागे तिकिटं देत होता. ऐरोलीच्या ऑफिसात जाणारी अर्पिता दाराशी येऊन उभी राहिली. तिला जन्मापासून दिसत नाही. ती आवाजावरच उतरते.

"पुढील थांबा, तलाव चौक."

विलासने मोजलं. अकराला दार उघडलं.

अर्पिताने पांढरी काठी टेकवायला दाराबाहेर खाली नेली. तिथे फुटपाथ लागायला हवा होता. काठी खाली गेली, आणखी खाली गेली, टेकलीच नाही. तिने पाऊल मागे घेतलं आणि दाराचा दांडा घट्ट धरला.

सदू गर्दी सारत पुढे आला. गटाराच्या कामासाठी थांबा सकाळीच शंभर मीटर पुढे नेला होता. दारासमोर माणूसभर खोल चर होता. त्याच्या कडेने बांधलेली लाल-पांढरी पट्टी वाऱ्याने फडफडत होती. ती कोणालाही दिसली असती.

"ताई, मशीन जुन्याच जागेवर बोलतं," सदू घाईने म्हणाला. "मशीनची चूक हाय."

"मशीनला दिसत नाही. मलाही दिसत नाही." अर्पिता म्हणाली. ती ड्रायव्हरच्या सीटकडे वळली. "काका, तुम्हाला किती दिसतं?"

"चला ना राव, लेटमार्क लागेल!" मागून कोणीतरी ओरडलं.

सदूने उत्तर द्यायला तोंड उघडलं. विलासने हात वर करून त्याला थांबवलं. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

"सदू, डेपोला फोन लाव. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हन. मी आता परत गाडी चालवनार नाय."