दारातून न गेलेलं स्टेज

"दार एवढंसं, आणि स्टेज झालं हे एवढं!" सुताराने दोन्ही हात फाकवले आणि थांबला. इथे हसायचं असतं. भाची हसली. लग्न ठरलेलं म्हणून तिने दाखवायला आणलेला मुलगाही हसला.

सुताराची बायको धरून चौघंही त्याच स्टेजवर होती, कारण त्या खोलीत दुसरीकडे टेकायला जागाच नव्हती. चार खांब, वर कमान. एका खांबामुळे कपाट अर्धंच उघडायचं आणि कमानीमागची खिडकी तर कधीच नाही. शिवणयंत्र स्टेजवर, गादी स्टेजवर, दोन खांबांमध्ये कपडे वाळत घालायची दोरी. सुताराची बायको इतकी वर्षं खोलीत आडवं होऊन चालत होती, की मोकळ्या रस्त्यावरही तिचा एक खांदा पुढे असायचा.

"आमच्या लग्नाचं सगळं आम्ही आमच्या हातांनी केलं," सुतार सांगत होता. "स्टेज माझं. हिने स्वतःचे कपडे शिवले, उरलेल्या चिंध्यांचा कमानीला पडदा केला, कपडे बेतायच्या कागदांची फुलं केली. खाली मैदानात पाहुणे ताटकळलेत आणि आम्ही वर स्टेज उभं करून बघतोय, आडवं करून बघतोय. छे! एकही खिळा नाही, सगळं सरसाने चिकटवलेलं. सुटेल कसं? मग पाहुणेच वर बोलावले. खोली भरली, जिना भरला, उरलेले रस्त्यावर. टाळ्या कधी वाजवायच्या ते जिन्यातले लोक रस्त्यावरच्यांना ओरडून सांगत होते!"

हे सगळं खरं होतं. त्या दिवशी त्याची बायको इतकी हसली होती की काखेतली शिवण उसवली होती. तेवढं सुख तिला पुन्हा मिळालं नाही, हेही खरं.

चहा करायला ती आत वळली. आत म्हणजे पडद्याच्या पलीकडे.

सकाळी यंत्रातली बॉबिन निसटून स्टेजखाली घरंगळली होती. फूटपट्टी घेऊन ती पोटावर आडवी झाली, हात घातला, तर खांबाच्या बुडाशी काहीतरी बोटांना लागलं. ओढलं तर अलगद हातात आलं. लाकडाची पाचर होती, बोटाएवढी, मेण चोळून गुळगुळीत केलेली. मग तिने टॉर्च लावून पाहिलं. प्रत्येक खांबाला तशीच पाचर. सरसाचा कुठे थेंबसुद्धा नाही.

तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिवणाऱ्या बाईला कच्चा टाका कळतो. तो उसवण्यासाठीच घातलेला असतो. सगळं स्टेज कच्च्या टाक्याचं होतं, आणि ते घालणाऱ्याला लग्नाच्या सकाळीही ठाऊक होतं.

किती घरं आली आणि गेली. नदीकडचं गेलं, शाळेजवळचं अंगणवालं गेलं. दर वेळी तो खांबावर थाप मारून म्हणायचा, "हे कुठे टाकू? तोडू म्हणतेस?" आणि तोड असं म्हणायला तिचीच जीभ धजायची नाही.

"मावशी," पडद्यापलीकडून भाचीने हाक दिली, "आईने आजच विचारून यायला सांगितलंय गं. आमच्या शेजारच्या खालच्या दोन खोल्या तुमच्यासाठी ठेवायच्या, की दुसऱ्या कुणाला द्यायच्या? उद्या माणूस येणार आहे."

"अगं, आईला म्हणावं, आधी दार मोठं कर!" सुतार म्हणाला. पुन्हा सगळे हसले.

ती चहा घेऊन आली. पाहुण्यांच्या बशीत बिस्किटं होती. सुताराच्या बशीत, बिस्किटाच्या जागी, पाचर.

त्याने कप उचलला आणि पाचर दिसताच तो पुन्हा खाली ठेवला. भाची त्या मुलाला कमानीवरची नक्षी दाखवत होती. तिचं लक्ष नव्हतं. सुताराने पाचर उचलली, शर्टच्या खिशात पेन्सिलीशेजारी ठेवली आणि घसा खाकरला.

"तर... काय सांगत होतो? हां. सरस. सुटायचं नावच नाही." आवाज नेहमीचा लागला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य तिचं होतं. आजवर दर वेळी तीच ते म्हणत आली होती. ते ती मोडणार की राखणार, एवढंच तो बघत होता. असा हात जोडल्यासारखा चेहरा तिने त्याचा कधी पाहिला नव्हता. तिला राग आला, कीवही आली, आणि तो जिना, त्या टाळ्याही आठवल्या.

"मग काय," ती म्हणाली, "स्टेज बाहेर येईना, म्हणून नवरीच आत आली."

पाहुणे खळखळून हसले. सुतारही हसला, पण मागाहून.

"काका, आमच्या लग्नालाही असंच एक करून द्या ना," मुलगा म्हणाला.

"देतील की," तीच बोलली. "फक्त बाहेर मैदानात बसून करायला सांगा."

निघताना भाची दारात चपला घालत थांबली. "मग आईला काय सांगू?"

सुतार खांबाला टेकून उभा होता. ती एक खांदा पुढे करून कपाटाजवळून निघाली आणि भाचीपर्यंत आली.

"सांग, खोल्या ठेव. आम्ही येतोय."

"अय्या, खरंच? आणि स्टेज गं?"

"ते तुझ्या काकांना विचार," ती म्हणाली. "पाचर त्यांच्या खिशात आहे."