चादरीची पलीकडची टोकं

"केंद्राचा पहिला दिवस काढा. लिहायचं नाही, बोलायचं नाही," असं सांगून संशोधक मुलीने कागद आणि रंगीत खडू वाटले, तेव्हा धुलाईकेंद्र चालवणाऱ्या बाईंचा हिरमोडच झाला. दवाखान्यांच्या चादरी धुणारं, गरजू बायकांनी उभं केलेलं केंद्र. त्याची हकिकत आता पुस्तकात यायची होती. बाईंची उत्तरं तोंडपाठ होती. 'मी एकटीने सुरुवात केली' हे तर त्यांनी इतक्या सभांत सांगितलं होतं, की आता त्यांनाही ते खरंच वाटायचं.

या वयात कसली चित्रं, असं पुटपुटत त्यांनी खडू उचलला. आधी पत्र्याचा टब काढला, मग वाळत घालायची तार. मग निळ्या पट्ट्याची पहिली चादर आणि तिची घडी घालणाऱ्या त्या स्वतः. इतक्या हुबेहूब उतरल्या की त्यांचं त्यांनाच हसू आलं.

शेजारच्या इस्त्रीवालीने मान वाकडी करून पाहिलं.

"बाई, पलीकडची टोकं कुणी धरलीत? भुतानं?"

सगळ्या खिदळल्या. बाईंनी मात्र कागद जवळ ओढला. कागदावरची चादर हवेत ताणलेली होती, आणि दवाखान्याची चादर एकटीने नीट घडी होत नाही, हे इथे कालच लागलेल्या बाईलाही ठाऊक होतं.

नणंदेने धरली होती ती टोकं. मुद्दाम हिसका द्यायची, बाई दोन पावलं धडपडायच्या, मग टोकाला टोक जुळवायला दोघी समोरासमोर यायच्या. दिवसातून शंभरदा. हसून हसून पोट दुखायचं. पुढे नवं यंत्र घ्यायचं की नाही यावरून शब्दाला शब्द वाढला आणि नणंद घरी बसली. दोनच गल्ल्या पलीकडे, नऊ वर्षं. बाईंना तिची फार फार आठवण आली.

त्यांनी टोकांपाशी दोन हात काढले. डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डागही काढला. मग खडू खाली ठेवला.

"आणि चेहरा?" मुलीने हळूच विचारलं.

"तो मी काढून कसं चालेल?" बाई उठल्या आणि पायांनी चपला चाचपू लागल्या. "उद्या येताना एक कागद जास्त आणा."