हिल्डाच्या पबातला टीव्ही

नवा कायदा आला आणि यॉर्कशरमधल्या आमच्या गावच्या पबात दर मंगळवारी रंगणारं गाणंबजावणं बंद पडलं. बिअर विकायचा परवाना होता, टीव्हीवर फुटबॉल लावायलाही मुभा होती. पण विल्फ आजोबांनी व्हायोलिन वाजवायचं म्हटलं, तर त्याला वेगळा परवाना हवा!

“बावीस जण चेंडूमागे बोंबलत पळतात ते चालतं, आणि आमचे आजोबा चालत नाहीत होय? बघतेच आता,” पबची मालकीण हिल्डा म्हणाली.

तिने एक जुना, भलामोठा टीव्ही आतून पार रिकामा केला. उरलेली चौकट स्वयंपाकघरातून जेवण बाहेर द्यायच्या खिडकीला ठोकून टाकली.

पुढच्याच मंगळवारी इन्स्पेक्टर हजर.

“व्हायोलिन कोण वाजवतंय?”

“कोणी नाही हो, टीव्ही चाललाय,” हिल्डाने चौकटीकडे बोट दाखवलं.

इन्स्पेक्टरांनी वाकून चौकटीत पाहिलं. मग त्यांनी वही मिटली आणि एक बिअर मागवली.

“टीव्हीला माझी काही हरकत नाही. फक्त आवाज जरा कमी करा.”



“बरं साहेब,” टीव्हीतले विल्फ आजोबा म्हणाले.