दोन बोटं अलीकडे

"हात तेवढा काढून टाक," पान टेबलावर ठेवत रॉय पिकेट म्हणाला. "बाकी सगळं झकास आहे."

अर्विन लास्कोने चष्मा वर सरकवला. या महिन्याच्या कॉमिकचं शेवटचं पान होतं, बाविसावं. न्यूयॉर्कच्या गच्च्यांवरून उडणारा, आगगाडी खांद्यावर तोलणारा कॉमिकचा नायक नॉर्थवॉल इथे इस्पितळातल्या एका खाटेशी गुडघे टेकून बसला होता. खाटेवर त्याचा जिवलग टॉबी शेवटच्या घटका मोजत होता. नॉर्थवॉलने टॉबीचा हात हातात घट्ट धरला होता.

असल्या दुरुस्त्या करणं हेच अर्विनचं काम. चित्रकार चित्र काढून मोकळा व्हायचा आणि छपाईआधी कुणाच्या डोळ्यांत खुपेल असं काही निघालं की पान अर्विनकडे यायचं. पांढऱ्या रंगाने झाकायचं, वाळलं की वरून शाईने नवं काढायचं. तीस वर्षांत त्याने कितीतरी बायकांचे गळे वर ओढले होते, कितीतरी जखमांतलं रक्त पुसून तिथे घाम आणला होता. एका शब्दाने कधी वाद घातला नव्हता.

"तो मरतोय ते चालतंय ना पण?" आज त्याने विचारलं.

"मरायला त्यांची काहीच हरकत नाही."

'त्यांची' म्हणजे मंजुरीचा शिक्का देणाऱ्या मंडळींची. त्यांच्या शिक्क्याशिवाय अंक दुकानात ठेवायला कुणी तयार होत नसे. टॉबीच्या आजाराचं नाव त्यांनी गेल्याच आठवड्यात गाळायला लावलं होतं. अठ्ठ्याऐंशी साल होतं, शेंबड्या पोरालाही ते नाव ठाऊक होतं, पण टॉबीला आता रक्ताचा कुठलासा दुर्मिळ विकार झाला होता. इतकी वर्षं या पुस्तकांत टॉबीसारखा, पुरुषावरच प्रेम करणारा पुरुष आलाच तर लाडिक बोलणारा खलनायक होऊन यायचा. यंदा पहिल्यांदा तो भला माणूस म्हणून आला होता, तर बाविसाव्या पानावर मरायला.

"मग हात ठेवू कुठे?"

"कुठेही ठेव. खिशात घाल."

"असल्या अंगाला चिकटलेल्या कपड्यांना खिसा कुठला आणू?"

रॉयला हसू आलं, पण ते टिकलं नाही. चार वाजता छापखान्याचा माणूस येतोय, एवढं सांगून तो आपल्या खोलीत गेला. तो काही वाईट संपादक नव्हता. टॉबी अंकात यावा म्हणून वरच्या साहेबांशी तोच भांडला होता.

अर्विनने ब्रश बुडवला आणि एकमेकांत गुंतलेले दोन्ही हात झाकून टाकले.

पुढे काय काढायचं ते त्याला कुणी सांगायला नको होतं. डिसेंबरपासून डेस्मंड इस्पितळात पडून होता, त्याच आजाराने. बावीस वर्षं दोघं एका घरात राहत होते. ऑफिसात डेस्मंडचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि इस्पितळाच्या वहीत अर्विनने स्वतःला मावसभाऊ म्हणून लिहिलं होतं. रोज संध्याकाळी तो खाटेशी बसायचा. नर्स, डेस्मंडची बहीण, शेजारच्या खाटेवरच्याची माणसं, कुणी ना कुणी असायचंच. अर्विनचा हात चादरीवर असायचा, डेस्मंडच्या हाताच्या दोन बोटं अलीकडे. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं. डेस्मंड जाण्याआधी एकदा, सगळ्यांदेखत, त्याचा हात धरायचा, एवढंच अर्विनला हवं होतं. रोज जाताना तो ठरवायचा आणि रोज तसाच परत यायचा.

रंग वाळला. अर्विनने शाई घेतली.

तीनच्या सुमारास रॉय आला आणि त्याच्या खांद्यावरून पानाकडे बघत राहिला. नॉर्थवॉलचा हात चादरीवर होता. बोटं पुढे निघालेली आणि मध्येच थांबलेली, अनामिका किंचित उचललेली. पलीकडे टॉबीचा हात उताणा पडला होता.

"हात काढायला सांगितलं होतं तुला."

"काढला की."

"हे आधीपेक्षा वाईट झालंय, अर्विन. आधी निदान मैत्री म्हणून तरी खपलं असतं. हे आंधळ्यालाही कळेल." मग जरा समजावणीच्या सुरात त्याने सांगितलं, की आणखी मागे घे, खाटेच्या दांडीवर ठेव, पाच मिनिटांचं काम आहे.

अर्विनने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. ब्रश कागदापर्यंत नेला, आणि तो तिथेच राहिला.

"यापेक्षा लांब मला नाही जमणार," तो म्हणाला. "एवढ्या अंतरावर मी तीन महिने बसतोय."

"कुणापाशी?"

"डेस्मंडपाशी. बावीस वर्षं झाली आम्हाला."

बोलून गेल्यावर त्याचे कान तापले. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा रागही आला. रॉयने एकदा पानाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग कानावरची निळी पेन्सिल काढून पानाच्या कोपऱ्यात सही केली. त्या सहीचा अर्थ एकच होता, पान आहे तसं छपाईला जाणार.

"मग तू इथे काय करतोयस?" त्याने हळूच विचारलं.

"पान पुरं करतोय," अर्विन म्हणाला.

रॉयने त्याच्या बोटांतून ब्रश सोडवून घेतला.