कोमट पाणी

घरामागच्या गीझरचं खालचं झाकण काढून प्लंबर शोनाने टॉर्चचा उजेड आत टाकला, आणि ती तशीच उकिडवी बसून राहिली.

"कामातून गेली ना टाकी?" म्हाताऱ्या क्लॅरीने मागून विचारलं. "वीस वर्षं झाली तिला. काढून टाक सरळ."

नवी टाकी बाहेर गाडीवर पट्ट्यांनी आवळून ठेवलेली होती. क्लॅरीच्या मुलीने, लिओनीने, होबार्टहून फोन करून ती मागवली होती. बाबा म्हणतो तीन आठवडे पाणी धड तापत नाहीये, जूनच्या थंडीत आईने अंघोळ कशी करायची, नवीनच बसवून द्या. इकडे लॉन्सेस्टनमध्ये जून म्हणजे ऐन हिवाळा; त्या सकाळी घरामागचं गवत गोठून पांढरं पडलं होतं. पायाखाली कुरकुरत होतं.

शोनाने वीज बंद करून मीटर लावला. कॉइल शाबूत होती. गळती कुठेच नव्हती. फक्त पाणी किती तापावं ते ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटचा काटा पार खाली, शेवटच्या रेघेवर आणून ठेवलेला होता. त्याच्याशेजारी स्क्रूड्रायव्हर घसरल्याचा ताजा ओरखडा होता.

"टाकी ठणठणीत आहे, क्लॅरी. हे कुणीतरी मुद्दाम कमी केलंय."

"पॉसम असेल. झाडावरची ही जनावरं फार माजलीत हल्ली."

"आणि पॉसमकडे स्क्रूड्रायव्हर होता?"

क्लॅरी हसला नाही. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. काचेमागे त्याची बायको नोरीन एकच कप पुन्हा पुन्हा पुसत होती. तिच्या डाव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज होतं.

"ती गरम नळ सोडते," तो हळू आवाजात म्हणाला. "हात धरते खाली. भाजतं तिला, ओरडते पण. पण हात मागे घ्यायचा, हे तिला सुचत नाही."

शोनाने मीटर बाजूला ठेवला.

"लिओनीला सांगितलंय, टोस्टरने भाजलं म्हणून. तिने तिकडे एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. पोरगी वाईट नाही गं. पण हे कळलं तर आईला न्यायला ती आजच गाडी काढेल. म्हणून म्हटलं, पाणीच तापू द्यायचं नाही. तिने अंघोळीचं विचारलं, तेव्हा टाकी बिघडलीय म्हणालो. आता नवी टाकी बसवलीस, तर तिचंही झाकण उघडायला लागेल मला."

"पाणी असं कोमट ठेवून चालत नाही. टाकीत रोगजंतू वाढतात. तिला न्यूमोनिया होईल. तुम्हालाही."

क्लॅरीने रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटरचं काम केलं होतं. हे आपल्याला माहीत असायला हवं होतं, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर आलं. तो पायरीवर बसला.

शोना उठून गाडीकडे गेली आणि मुठीत मावेल एवढा पितळी व्हॉल्व्ह घेऊन आली. "हा पाइपात बसतो. टाकीतलं गरम आणि बाहेरचं गार पाणी इथेच मिसळायचं. टाकी तापू दे हवी तेवढी, नळाला येईल ते हाताला सोसेल एवढंच. जुन्या घरांत नसतो हा."

क्लॅरीने तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "एवढंच?" तो म्हणाला. "काटा खाली केला तरी धीर होत नव्हता; तीन आठवडे मी तिला रात्रीचं नळाजवळ जाऊ देत नव्हतो. दाराला खुर्ची लावून झोपत होतो."

व्हॉल्व्ह बसवायला तासभर लागला; जुना पाइप धरून क्लॅरीचे हात काळे झाले. शोनाने काटा वर नेला, झाकण लावलं, वीज सुरू केली. पाणी तापायला तीन तास लागणार होते. तेवढ्यात एक दुसरं काम उरकून ती दुपारी परत आली, तेव्हा क्लॅरी फोनवरच होता. तिला पाहताच त्याने फोन तिच्या हातात दिला.

"टाकी का नाही बदलली?" पलीकडून लिओनीने विचारलं.

"गरजच नव्हती. थर्मोस्टॅट कमी झाला होता. आता ठीक आहे."

"आपोआप कमी होतो तो?"

क्लॅरी शोनाकडे बघत होता. तिने एकदा ओठ दाबले.

"ते बाबाच सांगतील तुम्हाला," असं म्हणून तिने फोन त्याला परत दिला आणि ती थर्मामीटर घेऊन सिंककडे वळली.

क्लॅरीने फोन क्षणभर छातीशी धरला. मग त्याने तो कानाला लावला. "लिओनी, तो मी कमी केला होता. आईचा हात टोस्टरने नाही भाजला." आणि त्याने सगळं सांगितलं, खुर्चीसकट.

"शनिवारी येते मी," लिओनी म्हणाली. "बसून बोलू. पण बाबा, पुन्हा असं एकट्याने काही करायचं नाही."

शोनाने नळ सोडला. थर्मामीटरचा काटा त्रेचाळीस अंशांवर जाऊन थांबला. ती वाट बघत राहिली. तो पुढे सरकला नाही. तिने मान डोलावली आणि ती बाजूला झाली.

पाण्याचा आवाज ऐकून नोरीन आली. तिने उजवा हात धारेखाली धरला. क्लॅरी एकदम पुढे झाला, पण थांबला. नोरीनचा चेहरा शांत होता. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, त्याचा मोकळा हात धरून सिंकपाशी ओढला आणि साबण घेतला.

"काय रे हे," ती म्हणाली. "कुठे हात काळे करून आलास?"

"बाबा?" फोनमधून लिओनीचा आवाज आला. "नळ का चालू आहे? काय चाललंय तिकडे?"

"काही नाही," क्लॅरी म्हणाला. "तुझी आई माझा हात धुतेय."